फास्टचं कोडं सुटलं!! (आणि रन पुढे ढकललं)

मंडळी, इंग्रजी शब्दांच्या अर्थांची जी फ्लॅशकार्डं मी बनवतेय, त्यांचा गेले तीन आठवडे अपडेट नव्हता कारण मी एकाच शब्दावर अडकले होते, फास्ट. आपला नियम माहितीये ना, मूळ एक तर कार्ड एक, मूळ वेगळं तर कार्ड वेगळं. या नियमाने साऊंड मस्त बसला होता, चार कार्डं: आवाज लॅटिनकडून, धडधाकट हा अर्थ जुन्या इंग्रजीतून, पाण्याची खोली मोजणं फ्रेंचमधून आणि सामुद्रधुनी नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेकडून. चार घरची चार माणसं, एकच नाव. मॅचपण दोन कार्डांत मिटला, काडीपेटीतली काडी फ्रेंच, जोडीचा मॅच अस्सल इंग्रजी.

मग फास्ट. वेगवान, घट्ट, उपास. मी डोळे झाकून तीन कार्डं केली, डिक्शनरीतपण उपासाची नोंद वेगळीच असते. पण व्युत्पत्ती बघितली तर तिन्हीचं मूळ एकच, जुन्या इंग्रजीतला 'घट्ट' अर्थाचा शब्द! जर्मनमध्ये आजही फेस्ट म्हणजे घट्ट आणि फास्टन म्हणजे उपास करणं. नियमाने एकच कार्ड हवं, पण घट्टवरून उपास आणि वेग कसे आले तेच कळेना, आणि मला नुसतं पाठ केलेलं कार्ड डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यात, नको होतं.

परवा आई फोनवर म्हणाली, "अगं मी सोळा सोमवार धरलेत." धरलेत! आपण उपास धरतो आणि सोडतो, तिकडे इंग्रजीतही तो घट्ट धरायचा असतो आणि सकाळी मोडला की ब्रेकफास्ट. मी फोन ठेवून लगेच कार्ड लिहायला बसले, तर लिहिता लिहिता दुसरी गाठपण सुटली. जोरात! जोर म्हणजे ताकद, पण जोरात पळ म्हटलं की वेग. इंग्रजीतही आधी घट्ट, मग नेटाने, मग भरभर असाच प्रवास झालाय. फास्ट कलर म्हणजे पक्का रंग, फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोप, सगळे एका कार्डावर आले. इतका आनंद खूप दिवसांत झाला नव्हता.

टूल्सबद्दल: फ्लॅशकार्डांसाठी अँकी हे अ‍ॅपच वापरा, फुकटात एवढं दुसरं काही मिळत नाही. एका पेड अ‍ॅपने माझे सगळे टॅग उडवले, नाव घेत नाही, पण बॅकअप घेत जा. व्युत्पत्तीसाठी एटिमऑनलाइन आधी, मग विक्शनरीत पडताळा.

पुढचा प्लॅन रनचा होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत आणि संपादक पीटर गिलिव्हर त्यावर नऊ महिने बसले होते. पण हे लिहितानाच वाटायला लागलंय की आधी प्रत्येक कार्डाच्या मागे मराठी जोडीदार शोधावा, जोरात सापडला तसा. पक्का घ्या, आंबा पक्का, रंग पक्का, रस्ता पक्का, बातमी पक्की. आणि लागणे! भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, फोन लागतो. म्हणजे रन थांबेल, आज रात्रीच लागणेचा डेक उघडते. तुमच्याकडचे लागणेचे अर्थ पाठवा, वाक्यासकट.