नवव्या लेव्हलला ठरलेली क्षमा

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका कॅफेत दर रविवारी दुपारी मी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे टेबल मानधन घेऊन चालवतो. या खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र वठवतो, खेळ चालवणारा गेम मास्टर प्रसंग उभे करतो आणि काय घडले ते फासे ठरवतात. गेम मास्टरचे काम म्हणजे गोष्ट सांगणे, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात निम्मी शक्ती पाच-सहा खेळाडूंनी मनात धरलेल्या पाच-सहा गोष्टी एकमेकींवर आदळू नयेत, हे पाहण्यात जाते. मागच्या रविवारी त्या आदळल्या.

अंबडच्या एका कारखान्यात उत्पादन-नियोजन पाहणारे एक गृहस्थ सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीलाच, आपल्या पात्राचा विसाव्या लेव्हलपर्यंतचा तक्ता एक्सेलमध्ये तयार करून आले होते. त्यांचा पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा, भावाच्या खुन्याच्या मागावर होता: तिसऱ्या लेव्हलला सूडाची शपथ, सहाव्याला पहिली शंका, नवव्याला क्षमा. तक्ता देखणा होता, मात्र त्याच्या एकाही रकान्यात टेबलावरील दुसरे पात्र नव्हते. ‘हे बाकीच्यांनाही सांगा,’ असे मी सुचवले, तेव्हा ‘सर, मग मजा काय राहिली?’ असे उत्तर आले. यात दोष एकट्या त्यांचा नाही. हा खेळ 1974 साली युद्धखेळांतून जन्मला आणि त्याचे गणित अजूनही मुख्यतः लढाईचे आहे. मुख्यतः लढाया जिंकून मिळणारे अनुभव-गुण तिसऱ्या लेव्हलसाठी 900 लागतात, पाचव्यासाठी 6,500. 2014च्या नियमांतील कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांना उजवीकडे चार चौकटी आहेत, पण त्या कोऱ्या सोडल्या तरी लढाईत काही अडत नाही. मग माणसे क्षमासुद्धा लेव्हलबरोबर मिळणाऱ्या शक्तीसारखी मांडू लागतात.

पात्रे पाचव्या लेव्हलला असताना खुनी समोर आला. त्याचे 31 हिट पॉइंट, म्हणजे जीव टिकवणारे गुण, उरले होते आणि तो निसटेल, अशी माझी तयारी होती. ‘रोग’ (Rogue) हे लपूनछपून वार करणारे पात्र खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलीने लपून बाण सोडला आणि वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले. धनुष्याचा एक फासा, चोरट्या वाराचे तीन, आणि वीस पडल्यामुळे ते दुप्पट, असे आठ फासे टेबलभर शोधून गोळा करावे लागले. चपळाईचे चार धरून बेरीज 34 झाली.

वार हातघाईचा असता, तर खुन्याला नुसते बेशुद्ध करता आले असते. बाणाला ती सवलत नाही. मात्र महत्त्वाच्या खलपात्राला खेळाडूंच्या पात्रांप्रमाणेच दर फेरीला एक फासा टाकून मृत्यूशी झुंजू देण्याची मुभा गेम मास्टरला असते, ती मी घेतली. पॅलाडिनच्या हाताशी स्पर्शाने जखमा भरण्याचे 25 गुण होते, त्यातला एक दिला तरी खुन्याने डोळे उघडले असते. लढाईची फेरी असते सहा सेकंदांची. ते गृहस्थ लॅपटॉपकडे पाहत म्हणाले, ‘पण हे नवव्याला होतं.’ आणि मग, ‘मी काही करत नाही.’ मी पडद्याआड न लपवता सर्वांसमोर फासा टाकत गेलो: 7, 14, 4, 9. दहाच्या खाली तीनदा म्हणजे मृत्यू.

मुलगी मला विचारत राहिली, ‘दादा, मला कोणी सांगितलंच नव्हतं, मग माझं काय चुकलं?’ तिचे काहीही चुकले नव्हते. शेजारच्या टेबलाचे गेम मास्टर म्हणाले, की खुन्याचे गुपचूप वीस हिट पॉइंट वाढवायचे होते. अशी मखलाशी करणाऱ्यांनी फासे कशाला विकत घ्यावेत, हे मला कळत नाही. तरीही पैसे मोजून येणाऱ्या माणसाने महिनोन्महिने जपलेला प्रसंग आपल्या देखत विसकटला, ही टोचणी आहेच. पण मला त्याहून जास्त छळते ते वेगळेच. जीव वाचवण्याची ताकद हातात असताना तो पॅलाडिन शत्रूला मरताना पाहत उभा राहिला, ही तक्त्यातील कोणत्याही ओळीपेक्षा जिवंत घटना आहे आणि तिच्यावर पुढची कितीतरी सत्रे उभी राहू शकतात. त्या गृहस्थांना ते मान्य नाही. ‘तो माझा पॅलाडिन नव्हताच, मी गोंधळलो होतो,’ असे ते म्हणतात आणि त्यांना नवे पात्र हवे आहे.

मी एकच अट घातली आहे: पॅलाडिन असो वा नवे पात्र, पुढचा तक्ता सर्वांसमोर भरायचा आणि निदान एक ओळ त्या मुलीला लिहू द्यायची. अजून उत्तर नाही. कॅफेमालक मात्र रविवारी खुर्च्या सहा लावायच्या की पाच, एवढेच विचारत आहेत.