बॅटमॅनच्या फायली निळ्या की तांबड्या?

कॉमिक्समधल्या नायक-खलनायकांच्या योजनांना गुण देणारा माझा चिठ्ठ्यांचा तक्ता रविवारी रात्री भिंतीवरून खाली आला. नाशकात आठ दिवस झड लागली आहे, भिंतीला ओल धरलीय आणि चिकट चिठ्ठ्यांचा गोंद या हवेत तग धरत नाही. सकाळी उठून बघते तर 'टॉवर ऑफ बेबल' या बॅटमॅनच्या कथेच्या एकसष्ट चिठ्ठ्या फरशीवर पसरलेल्या. दीड महिन्याचं काम.

चिरंजीव शाळेला जायच्या आधी गोळा करायला बसला. निळी नायकाची, तांबडी खलनायकाची, ही आपली पद्धत त्याला पाठ आहे. दोन ढीग करता करता तो थांबला. "आई, ही कुठे टाकू? यावर लिहिलंय 'बॅटमॅनने आखलं', पण वापरलंय तर दुसऱ्यानेच."

चिठ्ठी निळी होती. मीच निळी लावली होती. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं ना, की बॅटमॅनला पन्नासपैकी एक्केचाळीस गुण पडताहेत आणि तरी काहीतरी खटकतंय? ते नेमकं इथे अडलं होतं.

ज्यांनी हा तक्ता अजून मांडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'जेएलए' (जस्टिस लीग ऑफ अमेरिका, बॅटमॅन-सुपरमॅन वगैरे नायकांचा चमू) या मालिकेचे 43 ते 46 हे चार अंक, साल 2000. आपले सहकारी उद्या बिथरले तर त्यांना आवरायचं कसं, याच्या योजना बॅटमॅनने आधीच लिहून ठेवलेल्या असतात. त्या रा'स अल घुल या खलनायकाच्या हाती लागतात आणि तो त्या एकेक करून वापरतो. मार्शियन मॅनहंटरच्या कातडीचं मॅग्नेशियम होतं आणि हवा लागताच ती पेट घेते. ॲक्वामॅनला पाण्याचीच भीती बसते. तांबड्या क्रिप्टोनाइटने सुपरमॅनची कातडी पारदर्शक होते. बॅटमॅन यातलं काहीच थांबवू शकत नाही, कारण त्याच्या आईवडिलांच्या शवपेट्या थडग्यातून पळवलेल्या असतात आणि तो त्यांच्या मागावर असतो.

आता गुण कोणाला द्यायचे? डोकं बॅटमॅनचं, हात रा'सचे. मी आखणीचे सगळे गुण बॅटमॅनला दिले होते आणि रा'सच्या पदरात फक्त 'अंमल' टाकला होता. तसं केलं की तक्ता म्हणतो, बॅटमॅन हा सर्वोत्तम योजनाकार. आणि गोष्ट संपते तेव्हा काय होतं? मतदान घेऊन लीग त्याला बाहेर काढते. जिच्या रक्षणासाठी योजना आखल्या तीच लीग त्या योजनांनी मोडली. मग एक्केचाळीस गुण कशाचे?

या कोड्यात आणखी एक अडथळा होता तो प्रतीचा. वापरलेली प्रत ऑनलाइन मागवली, आली तर तिसऱ्या भागातली सहा पानं गायब. विकणाऱ्याने 'स्थिती उत्तम' लिहिलं होतं, पैसे परत द्यायला तीन आठवडे लावले. माझं मत आता पक्कं झालंय: जुनं पुस्तक पानं चाळल्याशिवाय घ्यायचं नाही. आपला रद्दीवाला भाव जरा जास्त सांगतो, पण उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळू देतो. शेवटी मुंबईच्या एका मैत्रिणीने पंचवटी एक्सप्रेसने येताना तिची प्रत आणली, तेव्हा कुठे तक्ता पुरा भरला.

तर सोमवारी सकाळी, चिठ्ठ्या तशाच फरशीवर ठेवून, मी नवा रकाना आखला. आतापर्यंत आपण दोनच गोष्टी मोजत होतो: आखणी आणि टांगणी. (टांगणी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात येईल त्यावर टांगलेली पायरी.) तिसरी घातली, राखणी. योजना उघडी पडली तर तिचं काय होतं, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न घालताच सगळे जुने तक्ते हलले. आनंदाने मला चहा घ्यायचंही सुचलं नाही.

बॅटमॅनच्या फायली घ्या. गुपित आहेत तोवर ढाल, चोरीला गेल्या की तलवार, आणि पातं आपल्याच माणसांकडे. राखणी शून्य. इतकं घातक काही लिहून ठेवायचं तर ते कोणाच्याही हाती लागून चालणारच नव्हतं, आणि तेवढी काळजी त्याने घेतली नाही. एकूण एक्केचाळीसवरून सव्वीसवर.

ओझिमँडियसचं 'वॉचमेन'मधलं कारस्थान (1986-87, बारा अंक) मी नेहमी आखणीचा कळस मानत आले. अणुयुद्ध थांबवायला न्यूयॉर्कवर खोटा परग्रही प्राणी सोडायचा. टांगणी अगदी थोडी, कारण नायक त्याला गाठतात तोवर काम होऊन गेलेलं असतं. पण राखणीच्या रकान्यात तो किती लोकांना मारतो ते मोजायला बसा. प्राणी तयार करणारे कलावंत आणि शास्त्रज्ञ, स्वतःचे तिघे नोकर, आणि प्राणी जिथे तयार होत होता ते बेट ज्याला अपघाताने दिसलं तो 'कॉमेडियन' नावाचा नायक. इतकं करूनही रोरशाक या दुसऱ्या नायकाची रोजनिशी वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचलेलीच असते. सत्य बाहेर आलं की शांतता संपली. म्हणजे ही योजना रोज पहारा मागते आणि पहाऱ्याला शेवट नाही.

आणि बॅटमॅनचा शत्रू बेन! त्याला मी 'ताकदवाला' म्हणून खालच्या ओळीत ढकललं होतं. ते मी मागे घेते. 1993मध्ये तो आर्कहम या मनोरुग्णालयाच्या भिंती फोडून सगळे वेडे गुन्हेगार बाहेर सोडतो आणि बॅटमॅनने एकेकाला पकडत थकून जाण्याची वाट बघतो. बॅटमॅन अंक 497मध्ये तो थकलेला बॅटमॅन घरी परततो तेव्हा बेन तिथे वाट बघत उभा असतो. त्या दिवशी पाठ मोडते. आपली दमछाक कोणीतरी मुद्दाम करतंय हे बॅटमॅनला कळतं, आणि कळूनही थांबता येत नाही, कारण लोक मरत असताना तो झोपू शकत नाही. योजना उघडी पडली तरी चालतेच. राखणी दहापैकी दहा. समोरच्याच्या चांगुलपणावर उभारलेली योजना इतकी मजबूत असते हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तक्त्यात तेच येतंय.

हे सगळं पंचवटीतल्या अण्णांना फोन करून सांगितलं. इंद्रजाल कॉमिक्सचे (वेताळ, म्हणजे फँटम, त्यातलाच) मराठी अंक त्यांच्याइतके जपून ठेवलेला माणूस मी पाहिलेला नाही, प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत, आत कडुनिंबाचा पाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मग वेताळाला का नाही लावलास हा रकाना? त्याची योजना तर जितकी जास्त लोकांना ठाऊक तितकी पक्की."

"पण अण्णा, तुम्हीच म्हणता ना, वेताळ अमर नाही हे गुपित आहे. बाप गेला की मुलगा मुखवटा घालतो, असा हा एकविसावा."

"ते गुपित एकट्याचं. बाकी सगळं उघड्यावर. जंगलात पोरासोरांनाही कवटीचा ठसा ठाऊक. गुन्हेगार ठसा बघूनच पळतो. बॅटमॅनची फाईल कपाटात, वेताळाची लोकांच्या तोंडात."

मी फोन ठेवून बराच वेळ तसाच विचार करत बसले. जंगल पेट्रोलची, म्हणजे जंगलातल्या पोलीस दलाची, आज्ञा तिजोरीतल्या चिठ्ठीतून येते, सेनापतीचं, म्हणजे वेताळाचं, तोंड कोणी पाहिलेलं नसतं, तरी चारशे वर्षांची व्यवस्था चालते. पण कवटी-गुहेतल्या बखरी एकाच जागी आहेत, दुसरी प्रत नाही. ते अण्णांना पटत नाही. राखणी मी सात दिली आहे, ते नऊ मागताहेत. वाद चालू आहे.

हे लिहिताना खिडकीबाहेर अजून पाऊस आहे आणि एक गोष्ट डोक्यात आली. गोदावरीला पाणी चढलं की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी त्याच्या कमरेला, छातीला, गळ्याला, असं बोललं जातं, आणि नदीकाठचे दुकानदार त्याच्यावरून माल कधी उचलायचा ते ठरवतात. पूर कधी येणार हे त्यांना माहीत नसतं. खूण दिसली की काय करायचं ते आधी ठरलेलं असतं. ही योजना अख्ख्या गावाला ठाऊक आहे, टांगणी फक्त पाण्यावर. माझ्या तक्त्यात अशी पायरीच नाही! खूण आणि तिच्यावरची कृती, असा चौथा प्रकार हवा.

आणि तो घातला की हिंदी कॉमिक्समधल्या सुपर कमांडो ध्रुवलाही न्याय मिळेल. त्याच्याकडे कसलीच शक्ती नाही, ऐनवेळी समोर दिसेल त्या वस्तूचा विज्ञानाने उपयोग करतो, म्हणून आखणीत त्याला मी कायम शून्याच्या आसपास ठेवलं. चूक होती ती. खुणा ओळखायची त्याची तयारी आधीपासूनची असते, सर्कशीत वाढला तेव्हापासूनची.

त्यामुळे पुढचा, डॉक्टर डूम या खलनायकाचा तक्ता लांबणीवर. त्याच्यावर लिहायला हात शिवशिवताहेत हे कबूल. 1962च्या 'फँटॅस्टिक फोर' अंक 5मध्ये तो त्या चमूतल्या रीडला ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याची खजिन्याची पेटी आणायला भूतकाळात पाठवतो. रीड शब्दाला जागून पेटी आणतो, आत मात्र साखळदंड भरलेले. एका ढिल्या शब्दामुळे बुडालेली टांगणी याहून सुबक कुठे सापडायची नाही. पण आधी जुने एकोणीस तक्ते नव्या रकान्यांनी तपासायचे.

चिठ्ठ्या आता भिंतीवर नाहीत. टाचण्या आणि थर्मोकोलचा जाड पत्रा आणला आहे, पावसात हेच चालतं. मेनरोडवरून हिरव्या चिठ्ठ्यांचं एक पाकीटही घेतलंय: आखली एकाने, वापरली दुसऱ्याने, ती हिरवी. आज चौदा लावल्या. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जाताना अण्णांकडे उतरेन, त्यांनी इंद्रजालच्या 'बहादूर'चा एक अंक बघायला काढून ठेवलाय. घरी न्यायला मिळणार नाही, तिथेच बसून तक्ता मांडायचा, हात धुऊन.