पहिल्याच फेरीत गारद

गाडीच्या तपासणीची तारीख जवळ आली होती, म्हणून शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ग्लव्ह बॉक्स उपसायला बसलो. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी हे एक लचांड असतं. रजिस्ट्रेशन, विम्याचं कार्ड असं एकेक काढता काढता टिश्यू पेपर, सॉसच्या पुड्या, बडीशेपेची डबी आणि एक अर्धवट उडालेली चिठ्ठी हाताला लागली. थर्मल कागद; वरची अक्षरं पार गेलेली, खालचा एक आकडा तेवढा शाबूत. बायकोने ती उचलून उजेडात धरली.

"चौदा सत्तावन्न. एवढे कशाला दिले रे?"

"दिले नाहीत. लागले."

"कुठे लागले?"

आठवण करून दिली तेव्हा "अच्छा, तू हरायला गेला होतास ते," म्हणाली आणि चिठ्ठी माझ्या मांडीवर टाकून आत गेली.

हरायला कोण जातं? पण ड्रॅग रेसिंगला, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांच्या शर्यतीला, तेही घरची कॅमरी घेऊन, जाणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांचं मत काय असायचं ते असतंच. ड्रॅग रेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ज्वाळा ओकणाऱ्या लांबलचक गाड्या येतात. ते काम वेगळं. त्या टॉप फ्युएल गाड्या आता पूर्ण पाव मैल पळतसुद्धा नाहीत. २००८ साली आमच्या इथल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा हा चालक अपघातात दगावला आणि त्यानंतर त्यांची पट्टी १००० फुटांवर आणली. एडिसनमधल्या मराठी माणसाला इंग्लिशटाउन म्हणजे फक्त रविवारचा जुना बाजार ठाऊक असतो. तिथल्या ड्रॅग रेस २०१८ च्या जानेवारीत बंद झाल्या, तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र रुखरुख लागली. एवढ्या जवळ होतं आणि आपण कधी पाहिलंही नाही! मग पेनसिल्व्हेनियातली एक पट्टी शोधली. दोन तास गाडी हाणत जायचं, पंधरा सेकंद पळायचं आणि दोन तास परत यायचं.

हौशी लोक पळतात ते ब्रॅकेट रेसिंग. त्यात तुमची गाडी किती वेगवान आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. आपली गाडी पाव मैलाला, म्हणजे १३२० फुटांना, किती सेकंद घेणार ते तुम्ही आधी जाहीर करायचं. तो आकडा पांढऱ्या बूटपॉलिशने काचेवर लिहायचा. याला डायल-इन म्हणतात. हळू गाडीला आधी सोडतात, वेगवान गाडीला दोन आकड्यांत जेवढा फरक असेल तेवढं मागाहून. म्हणजे कागदावर दोघं एकाच क्षणी पोहोचायला हवेत. आणि त्यातली खरी मेख अशी, की काचेवर लिहिलं त्याच्यापेक्षा कमी वेळात पोहोचलात तर बाद. याचं नाव ब्रेकआउट. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ज्याला लहानपणापासून ऐकवलं गेलंय, त्याच्यासाठीच जणू हा खेळ काढलेला आहे, असं मला पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. हातचा राखून बोलणं हा तर आमच्या घराण्याचा गुण. वीस माणसं जेवायला येणार असली, तर आई पंचवीसचा भात टाकायची आणि अठराच येतील असं म्हणायची.

त्या दिवशी पट्टीवर आधी तपासणी. गाडीत सुटं काही ठेवायचं नाही असा नियम. पोराचं बूस्टर सीट, छत्री, किराण्याच्या पिशव्या, सगळं डिकीतून आणि सीटखालून निघून गवतावर मांडलं गेलं, तेव्हा लक्षात आलं की आपण गाडीत जवळपास एक खोली घेऊन फिरत होतो. तपासनीस म्हातारा वाकला, त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीला दोन बोटांत धरून हलवून पाहिलं. गणपती जागचा हलला नाही. म्हाताऱ्याने अंगठा वर केला. हेल्मेट आहे का, म्हणून मी आपणहून विचारलं, तर त्याने गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, १३.९९ किंवा त्याहून कमी वेळात पळणार असशील तरच लागतं. तुला नको. हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की अपमान वाटायला जरा वेळ लागला.

सरावात १४.७१ आणि १४.६६ पडले. उन्हाचा तडाखा होता. मी हातचे सहा राखून १४.६० लिहिले.

समोर आला तो साठीच्या पुढचा गृहस्थ, साठच्या दशकातली शेव्हरोले घेऊन. गाडी त्याच्या तरुणपणाएवढी जुनी. त्याच्या काचेवर ११.२०. म्हणजे मला ३.४० सेकंदांची सूट. साडेतीन सेकंद ऐकायला काही नाहीत. पण रिकाम्या पट्टीवर तुम्ही एकटेच पळत सुटलेले असता आणि शेजारचा अजून जागेवरच उभा आहे हे माहीत असतं, तेव्हा ते फार लांबतात. त्याच्या गाडीला पाण्यात चाकं भिजवून, जागेवर फिरवून, धूर काढून तापवायचा सोपस्कार असतो. आमच्यासारख्या रस्त्यावरच्या टायरवाल्यांनी पाण्याला वळसा घालून यायचं. पाणी चाकांच्या खाचांत भरून निघण्याच्या रेषेपर्यंत येतं आणि मागच्यांच्या शिव्या बसतात.

मधोमध दिव्यांचा खांब, ख्रिसमस ट्री. हे झाड १९६३ पासून आहे. त्याआधी निशाण घेऊन माणूस उभा राहायचा. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात आणि मग हिरवा. नवशिके हिरव्याची वाट बघतात आणि तिथेच मार खातात, कारण डोळ्याने पाहिलं, पायाने दाबलं, गाडीने मनावर घेतलं, यात हिरवा शिळा होतो. तिसरा पिवळा दिसला की सुटायचं. बाकी सगळे यासाठी महिनोन्महिने घासतात. मी पुण्यात अलका चौकात गाडी चालवायला शिकलेलो. हिरव्याची वाट पाहणं हा संस्कार माझ्यावर झालेलाच नाही. रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे हिरवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ, पडला ०.०६१ सेकंद. शेजारच्या पिटमधला माणूस नंतर मुद्दाम येऊन विचारून गेला, की कुठे सराव करतोस. एक फरक मात्र आहे. पुण्यात आधी लाल असतो आणि मग आपण सुटतो; इथे आपण आधी सुटलो तर लाल लागतो.

तर मी निघालो. कॅमरीचा सहा सिलिंडरचा आवाज एरवी घरच्यांना ऐकूही येत नाही, तो त्या दिवशी चढला. अर्ध्यावर आलो आणि मागून ते ऐकू आलं. आधी पाठीत, मग कानात. आरशात बघायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं, बघितलं. शेव्हरोलेचं नाक मोठं होत होतं. आणि मग, शेवटच्या काही फुटांत, ते मोठं व्हायचं थांबलं. मी रेषा ओलांडली, तो मागेच होता. गाडीत एकटाच ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही, पण छत्रपतींचं नाव होतं.

जिंकल्याचा दिवा त्याच्या बाजूला लागला.

परतीच्या रस्त्यावर एक टपरी असते, तिथे जिंकलेल्याला आणि हरलेल्याला सारखीच चिठ्ठी देतात. साठ फुटांना किती, अर्ध्यावर किती, शेवटी वेग किती, सगळा पंचनामा. माझे १४.५७. लिहिलेल्यापेक्षा सेकंदाचे तीन शतांश कमी. फेरी सुरू व्हायच्या जरा आधी पट्टीवर ढग आला होता आणि झुळूक सुटली होती. मला ते आल्हाददायक वाटलं होतं, इंजिनालाही वाटलं. गार हवा दाट असते, त्याच घोटात प्राणवायू जास्त जातो, गाडी मन लावून पळते. ही माहिती मला त्या गृहस्थानेच दिली, गाडीच्या बॉनेटला टेकून, हातात लिंबू सरबत घेऊन. म्हणाला, "ढग आला तेव्हाच मी समजलो. तुझ्यामागून येताना बघितलं, तू असायला हवा होतास त्याच्यापुढे होतास. मग मी ब्रेकवर पाय ठेवला. तुला जाऊ दिलं."

जाऊ दिलं! मी पहिला आलो, माझी गाडी तिच्या आयुष्यात सर्वांत जास्त वेगात पळली, आणि मी गारद.

मामाला हे फोनवर सांगितलं. मामाचं गाव खटाव तालुक्यात. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, त्या वेळच्या बैलगाडी शर्यती हा आमच्या लहानपणी वर्षातला सर्वांत मोठा दिवस. आधी गट, मग सेमी, मग फायनल. मामाची जोडी, सोन्या आणि पाखऱ्या, माझ्या डोळ्यांदेखत गटात मार खायची. मला रडू फुटायचं. माइकवाला पुढच्या गटाची नावं पुकारत असायचा, आणि मामा तोवर छकडा सोडून, बैलांना पाणी दाखवून, त्यांच्या पाठी चोळून, बाभळीखाली धोतर आवरून बसलेला. मला गोडीशेवेचा पुडा. स्वतः तंबाखू मळत समोरच्या प्रत्येक जोडीवर बोलायचा. डावा बैल आत दाबतोय बघ. ह्यो सेमीला टिकायचा न्हाई. त्या खालच्या अंगाच्या गाडीवानाचा हात बघ कसा हाय. संध्याकाळी फायनल होऊन गुलाल उडेपर्यंत हलायचा नाही. मी एकदा रागाने म्हटलं, चल ना घरी, आपण हरलोय. तर म्हणाला, "आरं, आता तर कुठं निवांत बघाय मिळतंय."

तेव्हा ते मला हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

२०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या पुन्हा सुरू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या वर्षांत कधीही फोन केला की मामाचं एकच पालुपद: "आता हरायचीबी सोय ऱ्हायली न्हाई." प्राण्यांच्या हालांचा मुद्दा खोटा नव्हता, हे मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, माझ्या बैलांच्या अंगाला कधी चाबूक लागलेला बघितलास का? मी बघितला नव्हता. दुसऱ्यांच्या बैलांचा बघितला होता. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

माझ्या ब्रेकआउटची हकीकत त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजी तू पुढं गेलास."

"हो."

"आन् हरलास."

"हो. जास्त पळाली ना गाडी."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "बैलाला कोण सांगणार, बेतानं पळ म्हणून?"

गणित मांडून पाहिलं तर पहिल्या फेरीत हरलेल्यांचं संख्याबळ भलतंच असतं. चौसष्ट गाड्या असल्या तर बत्तीस तिथेच गळतात, म्हणजे पुढच्या सगळ्या फेऱ्यांतले हरलेले आणि तो एक जिंकणारा मिळूनही आमच्यापेक्षा जास्त भरत नाहीत. बक्षिसाची रक्कमही बहुतेक आमच्याच फीमधून निघत असावी. या खेळाची सुरुवातच मुळी बक्षिसासाठी झालेली नाही. कॅलिफोर्नियात १९५० साली सांता आनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर पोरं पळवू लागली आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने संघटना काढली ती रस्त्यावरचा धुडगूस आवरता यावा म्हणून. पळा, पण इथे पळा. भाचा सांगतो, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही गाड्या पळतात. त्याला म्हटलं, जा बाबा, निदान एक्सप्रेसवेवर तरी सोड लोकांना.

तर मोकळा झालो होतो. दुपारचे तीन. फेरी चालू असताना मी काहीच पाहिलेलं नव्हतं. काचेवरचा आकडा आणि झाड, बस. आता स्टँडमध्ये जाऊन बसलो. मुलांच्या छोट्या ड्रॅगस्टरच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या, त्या पोरांना निम्मंच अंतर असतं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या हेल्मेटमधून खाली लोंबत असलेल्या. बाप तिच्यासमोर उलटा चालत, दोन्ही हातांनी हळू, हळू, अजून थोडं, असं करत तिला रेषेवर आणत होता. ती सुटली आणि झाड लाल झालं. बापाचे हात तसेच हवेत राहिले. परत आल्यावर तिने हेल्मेट काढलं, बापाला काहीतरी विचारलं, बापाने खिशातून पाच डॉलर काढून दिले आणि ती आइस्क्रीमच्या गाडीकडे पळाली. तिथे मात्र तिचा रिअ‍ॅक्शन टाइम उत्तम होता.

शेजारी माझा शेव्हरोलेवाला येऊन बसला. दुसऱ्या फेरीत तोही गारद झाला होता. पुढल्या प्रत्येक जोडीवर बोलत होता. तो डाव्या लेनमधला बघ, रेषेवर फार आत घेतोय. हा पुढच्या फेरीला टिकत नाही. मी गोडीशेव असल्यासारखा पॉपकॉर्नचा पुडा धरून ऐकत होतो.

एक सांगायचं राहिलंच. तिथे बाय-बॅक नावाची सोय असते. पहिल्या फेरीत हरलेल्याने आणखी पैसे भरले, की त्याला पुढच्या फेरीत परत घेतात. मामाला हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही. माझा त्या दिवशीचा फॉर्म भरून तयार होता, पैसे हातात होते, खिडकीपाशी रांगेत उभाही राहिलो होतो. मग मागच्या माणसाला म्हटलं, तू हो पुढे.