रिमेत्या: मुक्काम करावा असं गाव

रोमानियातल्या क्लूजहून बहुतेक लोक रिमेत्याला सकाळी येतात, डोंगर चढतात, जेवतात आणि संध्याकाळी परततात. आम्ही राहिलो, ते बरं झालं.

आल्बा जिल्ह्यातलं हे छोटं गाव. हंगेरियन लोक त्याला तोरोत्स्को म्हणतात. हे गाव ज्यात येतं तो ट्रान्सिल्व्हेनिया प्रांत १९२० च्या करारानं हंगेरीकडून रोमानियाकडे गेला, तरी इथे वस्ती बहुतांश हंगेरियन राहिली, सोबत थोडी रोमानियन. पाट्या दोन्ही भाषांत. आमच्या घरमालकीण आजी नातवाशी हंगेरियनमध्ये बोलता बोलता फोन उचलून रोमानियनमध्ये भाव ठरवायच्या. इंग्रजी मात्र यथातथाच, त्यामुळे फोनवरच्या भाषांतर ॲपमध्ये दोन्ही भाषा आधीच उतरवून ठेवा.

चौकाभोवती पांढरी शुभ्र घरं, हिरव्या खिडक्या. एकेकाळी लोखंडाच्या खाणींवर गाव श्रीमंत झालं. खाणी बंद पडल्या, घरं उरली. ती सांभाळल्याबद्दल १९९९ मध्ये युरोपा नोस्ट्रा हा युरोपातला वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. छोट्या संग्रहालयात लोहारकामाची हत्यारं आणि रंगवलेलं लाकडी सामान आहे, तासाभरात होतं. चर्च युनिटेरियन पंथाचं, म्हणजे त्रैक्य न मानता देव एकच मानणाऱ्या ख्रिश्चनांचं. जवळच्याच तुर्दा शहरात १५६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा ठराव झाला होता आणि त्यानं या पंथालाही वाव मिळाला, हे ठाऊक असेल तर चर्च बघायला जास्त मजा येते.

गावावर ११२८ मीटरचा प्यात्रा सेकुयुलुई हा कडा उभा आहे. सूर्य इथे दोनदा उगवतो म्हणतात: एकदा दिसतो, कड्याआड जातो, पुन्हा वर येतो. केवळ त्यासाठी येऊ नका, ढगांचा नेम नाही. चढायला मात्र जरूर जा. वाट सरळ अंगावर येते आणि खडी सुटी आहे, म्हणून पकड असलेले बूट हवेत. पाऊस झाल्यावर उतरणं तापदायक. पाणी खालूनच न्या. मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबून वळसा घाला, राखणीची कुत्री अंगावर येतात.

शाकाहारींनी सूपची चौकशी करावी, बरेचदा हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं. मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकड, चीज आणि क्रीमसोबत भरपेट होतो. झाकुस्का आमच्या वांग्याच्या भरताचा चुलतभाऊ, पावाला लावून खा.

शेंगेन व्हिसा चालतो, पण पैसे युरो नव्हेत, लेऊ हे रोमानियाचं चलन लागतं. रोख जवळ असू द्या. बुडापेस्टहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करावं. बसच्या भरवशावर राहू नका. रेल्वेनं जवळच्या आयुद शहरापर्यंत या आणि टॅक्सी परतीसह ठरवा, किंवा क्लूजहून गाडी घेऊन तुर्दा-बुरू मार्गे साधारण साठ किलोमीटर. गाडी असेल तर शेजारच्या कोल्त्सेश्तचा पडका किल्लाही करा, तो याच ग्रामपंचायतीत येतो.