गिरणी सुरू, पाडा बंद

सातपुड्यातल्या आमच्या पाड्यापर्यंत वीजकंपनीचे खांब आलेले नाहीत. जी काही वीज आहे ती शाळेमागच्या सोलर पॅनेलची, आणि ती सांभाळायचं काम माझ्याकडे. पाहुणे हमखास विचारतात, पावसाळ्यात काय करता? पावसाळा परवडला, भर उन्हात, बॅटरी फुल्ल असताना पाडा बंद पडायचा, त्याचं काय!

कारण गिरणी. 3 एचपीची मोटर चालताना तीन फेजपैकी (विजेच्या तीन वेगळ्या तारा) प्रत्येकाला पाचेक अँपिअर घेते, पण डायरेक्ट स्टार्ट केली की क्षणभर सहापट ओढते. मोठ्या ग्रिडला ते कळतही नाही. आमच्याकडे पाठीशी फक्त बॅटरीचा इन्व्हर्टर. तो ओव्हरलोड दाखवून गप्प व्हायचा. मोठा इन्व्हर्टर घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. पैसे कोण देणार, ते कुणी नाही. शेवटी मोटरला व्हीएफडी, म्हणजे तिचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावला. आता ती शून्यापासून सावकाश वेग घेते, आणि दळण 11 ते 3 एवढ्याच वेळात.

तरी संध्याकाळी टोकाच्या घरातून हाक यायचीच, "दादा, टीव्ही परत गेला!" क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर आर फेजवर 12 अँपिअर, वाय आणि बीवर जेमतेम 3. वायरमनने हाताशी आला तो फेज धरून सगळी घरं जोडलेली. घरं तिन्ही फेजवर वाटली, तेव्हा टोकालाही धड व्होल्टेज मिळायला लागलं.

सगळ्यात जास्त पिडलं शॉर्टसर्किटने. एका घरात शॉर्ट झालं की त्या घराचा एमसीबी (आपोआप बंद होणारा स्विच) पडायला हवा. पडायचा इन्व्हर्टर, अख्ख्या पाड्यासकट. घरोघरी 32 अँपिअरचे सी टाइप एमसीबी होते. ते झटकन पडायला रेटिंगच्या 5 ते 10 पट करंट लागतो, आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला त्याच्या कितीतरी आधीच हात टेकतो. आता 6 अँपिअरचे बी टाइप बसवलेत. ते 3 ते 5 पटीला पडतात. ज्याचं शॉर्ट, त्याचाच अंधार.

दुपारी मीटरवर फ्रिक्वेन्सी नेहमीच्या 50 ऐवजी 51 हर्ट्झच्या पुढे दिसली की नवा माणूस घाबरतो. बॅटरी भरली की बॅटरीचा इन्व्हर्टर ती मुद्दाम चढवतो. ती खूण ओळखून पॅनेलचे इन्व्हर्टर आपलं उत्पादन कमी करतात.

सध्या घोळ वेल्डिंगचा आहे. समितीतल्या एका काकांच्या मुलाने जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन आणलंय, तेही सिंगल फेजचं. रॉड टेकला की त्या फेजचं व्होल्टेज बसणार. कमी करंट ओढणारं इन्व्हर्टरवालं मशीन आण, मग बघू, असं मी सांगितलंय. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.