डॉट फाटका नव्हताच

मी इंदूरला रामबागेत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आमच्याकडे डॉक्टर म्हणतात पण मी डॉक्टर नाही, नंबर काढते आणि चष्मे देते. तर मागच्या महिन्यात भर दुपारी एक काका-काकू आले आणि काकांनी खिशातून छोटी काळी डबी काढून काउंटरवर ठेवली. मला वाटलं चष्म्याची केस, उघडली तर आत बंदुकीवर लावायची रेड डॉट साईट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच. नुसती साईट हं, बंदूक घरी.

"अगं, ह्यातला डॉट फाटका आहे. दोनदा बदलून आणला, तिसरा पीसही तसाच. दुकानदार म्हणतो तुमच्या डोळ्यांतच गडबड आहे, मग म्हटलं जाऊ दे, एकदा लेखी घेऊन त्याच्या तोंडावर मारू."

काकांची देवास रोडला थोडी शेती आहे, तिथे एअरगनने वीस-पंचवीस मीटरवर कागदाचे टार्गेट मारतात. शिकारबिकार काही नाही, ती आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदच. साईटचं खूळ भरवलं स्वीडनच्या पुतण्याने, तो तिकडे रीतसर लायसन घेऊन मूस ह्या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो. पळत्या जनावरावर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो म्हणून तिकडे ह्या साईटी खूप चालतात, एमपॉइंट ही कंपनीही तिथलीच, 1975 साली तिची पहिली साईट आली. काकांचं कारण वेगळं होतं. पन्नाशीनंतर समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, धूसर दिसायला लागली. साध्या साईटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी एका डोळ्याला सांभाळायच्या असतात आणि चाळिशी लागल्यावर जवळचं सगळं हातातून जातं. रेड डॉटमध्ये छोटा एलईडी मागून पुढच्या काचेवर प्रकाश टाकतो, काचेचं कोटिंग तेवढाच लाल प्रकाश परतवतं आणि डोळ्याला तो ठिपका लांबच लांब असल्यासारखा दिसतो, त्यामुळे टार्गेट आणि ठिपका एकदमच स्पष्ट. म्हणजे काकांनी वस्तू अगदी योग्य निवडली होती.

काकूंना भलतीच काळजी, "लेझर आहे ना हा? डोळा जाईल!" त्यांना समजावलं की लेझर नाही, बाहेर टार्गेटवर काही पडत नाही, ठिपका फक्त बघणाऱ्याला दिसतो. मग त्यांनीच साईट उचलून बघितली आणि म्हणाल्या, "गोल तर आहे की, टिकलीसारखा." मी बघितला, मलाही गोल. काकांना मात्र दोन तुकडे आणि खाली शेपूट.

मी विचारलं, नेहमी असंच दिसतं का? तर म्हणे सकाळी बरा असतो, संध्याकाळी फाटतो, म्हणून बॅटरी पण बदलली, ती नाण्याएवढी सीआर 2032. इथेच माझे कान टवकारले. बॅटरी उतरली तर ठिपका मंद होईल, त्याला शेपूट कसं फुटेल? संध्याकाळी उजेड कमी, बाहुली मोठी होते, डोळ्याच्या काचेतला जो काही वाकडेपणा असेल तो सगळा तेव्हा उघडा पडतो. आणि काका ब्राइटनेस फुल ठेवायचे.

म्हटलं काका, साईट हातात गोल फिरवा, शेपूट फिरतं का बघा. नाही फिरलं. आता साईट स्थिर धरा आणि मान खांद्याकडे कलती करा. शेपूट मानेबरोबर कललं! काका गप्प. मग मी पिनहोल दिलं, म्हणजे काळी पट्टी, मध्ये बारीक भोक, नंबर तपासताना आम्ही रोज वापरतो ती. त्यातून बघितलं आणि काका ओरडलेच, "अरे भिया, गोल!" बाहेर बसलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

मोतीबिंदूनेही ठिपका फाटल्यासारखा दिसू शकतो म्हणून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपवर, नीट बघून घेतलं, तसं काही नव्हतं. मग गोल मांडलेल्या रेघांचा चार्ट दाखवला, एका बाजूच्या रेघा गडद, आडव्या दिशेच्या फिक्या. सिलेंडर निघाला, म्हणजे डोळ्याच्या वाकडेपणाचा नंबर, उजव्या डोळ्याला -1.25, ॲक्सिस (त्याची दिशा) 170. काकांना लांबचा चष्माच नव्हता कधी, चार्टवरची 6/9 ची ओळ अडखळत वाचायचे आणि जवळचा रेडीमेड चष्मा बाजारातून आणलेला, ज्यात सिलेंडर नसतोच.

मला खरी मजा पुढे आली. काका म्हणाले डॉट 3 एमओएचा आहे. एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर साधारण 2.9 सेंटीमीटर. अरे, हे तर आमचंच माप! चार्टवरचं 6/6 चं, म्हणजे चांगल्या नजरेचं, अक्षर बरोबर पाच मिनिटांचं असतं, त्याची एक रेघ एका मिनिटाची. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून बघायच्या चष्म्यात, सिलेंडर घालून काकांना साईट चार्टवर धरायला सांगितली आणि डॉटने 6/6 च्या अक्षराची निम्म्याहून जास्त उंची झाकली, हिशोब तंतोतंत. तेव्हा लहान ठिपका की मोठा ह्यावरही बोलणं झालं, 6 एमओए पटकन सापडतो पण 25 मीटरवर जवळपास साडेचार सेंटीमीटर झाकून टाकतो, काकांना कागदावर मारायचंय तर 3 च बरा.

काकांचा लगेच पुढचा प्रश्न, भाचीला एअर पिस्तूलच्या मॅचला लावून देऊ का? नाही हो, आयएसएसएफ ह्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पिस्तूल मॅचमध्ये साधीच साईट चालते.

चष्मा करताना प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर, नको म्हटलं, रायफलीला गाल लावला की मान पुढे झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून जाते, तिथे नंबर नीट हवा. म्हणून फक्त लांबचा नंबर, मोठी फ्रेम आणि पॉलीकार्बोनेट काच, कारण छर्रा कशावर आपटून उलट येईल ह्याचा नेम नाही. साध्या साईटवाल्याला मी लांबच्या नंबरात +0.50 वगैरे वाढवून दिला असता, माशी दिसावी म्हणून, इथे गरजच नाही. आणि ब्राइटनेस टार्गेटवर जेमतेम दिसेल इतकाच.

चष्मा नेल्यावर काकांचा व्हॉट्सॲप आला, टार्गेटचा फोटो, छर्रे सगळे जवळजवळ पण खाली सरकलेले. साहजिक आहे, आधीचा झिरो, म्हणजे ठिपका आणि छर्रा एका जागी जुळवणं, शेपटाकडे बघून केलेला. परत झिरो करा म्हटलं.

गंमत म्हणजे नंतर त्या दुकानदाराचाच फोन आला. असे परत येणारे पीस बरेच असतात म्हणे, गिऱ्हाइकाला सांगू काय, डोळा खराब आहे म्हटलं की भांडतात. मी म्हटलं तुम्ही काही बोलूच नका भैया, व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून डॉट बघायला सांगा, गोल दिसला तर डोळा तपासायला पाठवा, तरीही फाटकाच दिसला तर साईट बदलून द्या.

"भोक केवढं पाडू?"

"एक मिलीमीटर. आणि काठ साफ ठेवा, कागदाचे धागे नकोत."