तुम्ही विचारलंत म्हणून: संगीतकार कधीच गेले, मग खर्च कसला?

मी रेकॉर्ड लेबल चालवते म्हटलं की समोरचा आधी खूश होतो, मग मी सांगते की अर्ली म्युझिकचं, म्हणजे युरोपातलं मध्ययुगापासून साधारण १७५० पर्यंतचं, बाख गेला की आमचं दुकान बंद, तेव्हा चेहरा जरा उतरतो, आणि मग थोडा हिशेब करून हमखास हा प्रश्न येतो: पण मग तुमचं बरंय की, संगीतकार सगळे कधीच गेलेले, कॉपीराइट नाही, कुणाला काही द्यायचं नाही, खर्च कसला तुम्हाला?

इतक्यांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते.

फुकट असतं ते फक्त गेलेल्या माणसाचं. आणि तो मागे काय ठेवून गेलाय ते बघा आधी. सोळाव्या शतकात चार-पाच आवाजांची रचना असली तरी सगळे आवाज एकाखाली एक दिसतील असा कागद बहुतेक वेळा नसायचाच, प्रत्येक आवाजाची वही वेगळी, ज्याने त्याने आपापली समोर धरून गायचं. म्हणजे एक वही हरवली की एक आख्खा आवाज गेला. केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजच्या संग्रहात इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या काळातल्या अशा पाच वह्यांचा संच आहे, त्यातली टेनर या मधल्या पुरुषी आवाजाची वहीच गायब आणि सगळ्यात वरच्या आवाजाच्या वहीतली काही पानं गेलेली. त्यातल्या बऱ्याच रचना दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. निक सँडन नावाच्या अभ्यासकाने कित्येक वर्षं घालून ते हरवलेले आवाज नव्याने लिहून काढले, बाकीचे काय म्हणतायत ते बघून हा काय म्हणाला असेल असा अंदाज घेत घेत. मग बॉस्टनच्या ब्लू हेरन या गायकांच्या ग्रुपने स्वतःच्याच लेबलवर त्या वह्यांच्या पाच सीडी काढल्या आणि पाचवीला २०१८ मध्ये ग्रामोफोन मासिकाचं अर्ली म्युझिकचं अवॉर्ड मिळालं. आता सांगा, त्यात टेनर जे गातो ते कुणाचं? मेलेल्या माणसाचं की सँडनचं?

असाच प्रश्न एकदा कोर्टात गेला होता, आणि आमच्या धंद्यात तो खटला माहीत नाही असा माणूस नसेल. हायपीरिअन हे ब्रिटनमधलं लेबल, टेड पेरीने १९८० मध्ये सुरू केलेलं, सुरुवातीला पैशासाठी तो टॅक्सी चालवायचा, आणि बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या ननच्या रचनांची त्याची रेकॉर्ड इतकी खपली की लेबलचा जम बसला. त्या लेबलने पुढे लालांद या फ्रेंच संगीतकाराची रचना काढली. लालांद गेला १७२६ मध्ये. पण गायक-वादकांच्या हातात जे कागद होते ते लायनेल सॉकिन्स या संपादकाने तयार केलेले, जुन्या प्रती जुळवून, चुका काढून, गळालेला भाग स्वतः भरून. तो म्हणाला रॉयल्टी द्या. लेबल म्हणालं कागदांचं भाडं दिलंय, रचना तुमची नाही. २००४ मध्ये निकाल सॉकिन्सच्या बाजूने, अपिलात २००५ मध्येही त्याच्याच बाजूने. रॉयल्टी किरकोळ होती, वकिलांचा खर्च किरकोळ नव्हता, आणि त्यापायी हायपीरिअनला नवी रेकॉर्डिंगं कमी करावी लागली. इतकं नाव कमावलेल्या लेबलला.

मला विचाराल तर निकाल बरोबर होता. मला ते लेबल फार आवडतं आणि तरीही बरोबर होता. माझ्याकडे आता कलाकारांच्याही आधी एडिटरचं, म्हणजे अशा संपादकाचं, अ‍ॅग्रीमेंट होतं. हे शहाणपण अर्थात आधी नव्हतं, दुसऱ्याच सीडीला मी नेटवरची एक फुकटातली एडिशन, म्हणजे कुणीतरी तयार केलेले असे कागद, उचलली होती, दिसायला व्यवस्थित, आणि रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी सगळं अडलं एका शार्पवर, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायच्या खुणेवर (उतरवायची ती फ्लॅट). त्या काळात काही शार्प-फ्लॅट लिहीतच नसत, गाणाऱ्याला ते ठाऊक असणारच असं धरलेलं असायचं. आमच्या पाच गायकांपैकी तिघांना तो शार्प हवा होता, दोघांना नको, आणि ज्याने एडिशन केली त्याचा पत्ताच नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला? चाळीस मिनिटं. इंजिनियरचे, जागेचे, सगळ्यांचे पैसे चालू आणि आम्ही एका न लिहिलेल्या खुणेवरून भांडतोय. (शेवटी शार्प घेतला. आजही ऐकताना वाटतं नको होता.)

मग वाद्यं. पट्टी कुठली इथपासून सुरुवात. आजचा ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, बरोकसाठी, म्हणजे साधारण १६०० ते १७५० च्या संगीतासाठी, आता सगळे ४१५ धरतात, बरोबर अर्धा सूर खाली येतो म्हणून सोयीचं, फ्रेंच काही असेल तर ३९२. म्हणजे बासरीवाल्याला वेगळी बासरी, ती नसली तर आणवायची. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं कीबोर्डचं वाद्य, सेशनच्या आधी जुळवायचं, मधल्या सुट्टीत जुळवायचं, आणि ते जुळवत असताना हॉलमध्ये बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे रोजचा तास-दीड तास कामाचा गेलाच. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, त्या हवेतल्या दमटपणाने चढतात-उतरतात आणि बरोब्बर चांगल्या टेकला तुटतात. ल्यूटचं, म्हणजे गिटारसारख्या पण बऱ्याच तारांच्या वाद्याचं, तर विचारू नका. माटेसॉन नावाच्या जर्मन लेखकाने १७१३ मध्येच टोमणा मारून ठेवलाय की ल्यूटवाला ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ जुळवण्यात जातात. त्याने ते चेष्टेत लिहिलं असेल, मला मात्र तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात.

सतराव्या शतकातल्या बीबर या संगीतकाराचे रोझरी सोनाटा करायची माझी फार इच्छा आहे आणि दरवर्षी मी ते पुढे ढकलते. १५ सोनाटा आणि शेवटी पासाकालिया नावाचा एकट्या व्हायोलिनचा तुकडा, त्यात पहिला सोनाटा आणि हा शेवटचा तुकडा सोडून मधल्या चौदाही सोनाटांना व्हायोलिन वेगळं जुळवावं लागतं, आणि ताणलेली तार लगेच स्थिर होत नाही, ती हळूहळू सरकत राहते. म्हणजे एकतर चार-पाच व्हायोलिनं आणा नाहीतर प्रत्येक सोनाटानंतर नुसते बसून राहा. मैफलीत हे खपतं. मायक्रोफोनला सगळं ऐकू येतं.

ऐकू येण्यावरून, सगळ्यात महाग काय असतं सांगू? शांतता. हे संगीत दगडी भिंतींसाठी लिहिलेलं, कोरड्या स्टुडिओत ते अगदी केविलवाणं वाटतं, म्हणून चर्च शोधायचं. चर्च म्हटलं की बाहेर रस्ता, वर विमान, छपरात पक्षी. म्हणून रात्री काम. हीटर आवाज करतो म्हणून बंद, मग गारठ्यात बोटं चालत नाहीत आणि तारा उतरतात. एका ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी घड्याळाचा टोला पडायचा आणि तो बंद करायची परवानगी नव्हती, तर आम्ही तीन रात्री टोल्यांच्या मधल्या फटीत रेकॉर्डिंग केलं, टोला पडला, त्याची आस विरेपर्यंत थांबलो, मग नऊ मिनिटांचा तुकडा, फसला तर पुढच्या टोल्यापर्यंत अजून एक धड होणार नाही. त्या सीडीत एक विचित्र घाई आहे असं एका परीक्षणात आलं होतं. कशाची ते मी सांगितलं नाही कुणाला. रिकाम्या खोलीचा आवाजही वेगळा रेकॉर्ड करून ठेवावा लागतो, दोन टेक जोडताना मध्ये भरायला, म्हणजे मी खरोखर कुणीच काही वाजवत नसल्याचे पैसे देते.

एडिटिंग, मास्टरिंग, पुस्तिका, लॅटिनचं भाषांतर, प्रेसिंग, हे कुठल्याही लेबलसारखंच, त्यात सांगण्यासारखं नाही. पाचशे सीडी छापतो. बहुतेक मैफलीनंतर टेबलावर जातात, कारण तेव्हा माणूस नुकताच भारलेला असतो.

मग पैसे येतात कुठून, हा खरा विचारायचा प्रश्न. स्ट्रीमिंगमधून नाही. तिथे तीस सेकंद ऐकलं की एक मोजतात, म्हणजे चाळीस सेकंदांचं रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखं गाणं) आणि नऊ मिनिटांचा कोरस सारखेच, त्यात एका मोठ्या कंपनीने २०२४ पासून नियम केलाय की वर्षात हजार वेळा वाजला नाही त्या ट्रॅकला काहीच नाही. आमचे अर्ध्याहून जास्त ट्रॅक त्या हजाराच्या खालीच आहेत. खरं सांगायचं तर बऱ्याच सीडींचा मोठा वाटा कलाकारच आणतात, एखादी फाउंडेशन, एखादा देणगीदार, कधी स्वतःच्या खिशातून, आमच्यासारख्या लेबलांमध्ये हे सर्रास चालतं आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. मला ते आवडतं असं नाही. पण त्याशिवाय अर्धा कॅटलॉग झालाच नसता. बार्बरा स्त्रोत्सी, व्हेनिसची गायिका आणि संगीतकार, तिने १६४४ ते १६६४ मध्ये आपल्या रचनांची आठ पुस्तकं काढली, बहुतेक राजेरजवाड्यांना नि बड्या लोकांना अर्पण करून. चौथं आज कुठेच मिळत नाही. अर्पणपत्रिकांची ती यादी मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला आमच्या पुस्तिकेतलं शेवटचं आभाराचं पान आठवतं.

आणि आता गंमत ऐका. मागे एका ल्यूटच्या रचनेचा व्हिडिओ टाकला, संगीतकार मरून चारशे वर्षं झालेली, रेकॉर्डिंग आमचं, एडिशनचे पैसे दिलेले. तासाभरात नोटीस, हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे. व्हिडिओ साइटच्या मशीनला आमचा ल्यूट दुसऱ्या कुणाच्या तरी ल्यूटसारखा वाटला, सूर तेच म्हटल्यावर वाटणारच. फॉर्म भरला, त्यात एक रकाना होता, मूळ संगीतकाराची परवानगी आहे का.

तो फॉर्म अजून पेंडिंग आहे. दरम्यान एडिटरचा मेल आलाय की दुसऱ्या पानावर बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात, एक सूर चुकलाय, दुरुस्त पान जोडलंय, सोबत बिलही. सेशन परवा आहे, आठ प्रती काढायच्यात, जाते.